गावादेखत

मुलींनी तंत्रज्ञानात यावं म्हणून भाषणं पुष्कळ होतात. पण जिथे मुली खरोखर आल्या, शिकल्या आणि टिकल्या, तिथे नेमकं काय घडलं होतं? पाबळचं वर्कशॉप, धारावीतला नळ, म्हसवडची बँक आणि पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज यांच्या आधारे घेतलेला हा शोध.

लोखंडी अँगलचे दोन तुकडे काटकोनात धरायचे, आधी टॅक मारायचा, गुण्या लावून कोन तपासायचा. मग काळ्या काचेची ढाल डोळ्यांसमोर धरून रॉड अलगद पुढे सरकवायचा. रॉड फार जवळ गेला तर चिकटतो, लांब राहिला तर ठिणग्या उडतात आणि सांधा कच्चा राहतो. काम थंड झालं की वरची काळी खपली हातोडीने ठोकून काढायची. खालची रेघ सरळ आणि भरीव निघाली, तर सांधा जमला.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथल्या विज्ञान आश्रमाने आखलेल्या अभ्यासक्रमात वेल्डिंगचं हे काम शाळकरी मुलीही करतात. त्याच वर्गातले मुलगे शेंगदाण्याची चिक्की करायला शिकतात. पाळी बदलली की मुली गॅसपाशी आणि मुलगे वेल्डिंगला. कुणाचं काम कोणतं, हा प्रश्न तिथल्या वेळापत्रकातच नाही.

डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले संशोधक. हिंदुस्तान लीव्हरमधलं संशोधनाचं मोठं पद सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला हा विज्ञान आश्रम सुरू केला. अवर्षणग्रस्त, साधनं कमी असलेलं गाव त्यांनी जाणीवपूर्वक निवडलं, कारण जे इथे जमेल ते कुठेही जमेल. हाताने काम करत करत शिकणं ही माणसाची शिकण्याची स्वाभाविक रीत आहे, हा त्यांचा ठाम विश्वास होता. त्यातून शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. शाळांमध्ये तो ‘आयबीटी’ या नावाने ओळखला जातो आणि राज्याच्या दहावीच्या मंडळाची त्याला मान्यता आहे. आठवड्यातला एक दिवस, आणि कामाचे चार भाग: वर्कशॉप, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. शिकवणारे निदेशक शक्यतो त्याच परिसरात तो व्यवसाय करणारे असतात.

या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे लोकोपयोगी सेवा. मुलं जे शिकतात ते गावाच्या कामी यायला हवं आणि शक्य तिथे त्याचे पैसेही मिळायला हवेत. शाळेची मोडकी बाकं जोडणं, घराचं वायरिंग, मातीची तपासणी, गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासणं अशी ती कामं असतात. इथे मुलीला ‘तूसुद्धा करू शकतेस’ असं कुणी ऐकवत बसत नाही. तिने जोडलेलं बाक वर्गात वापरलं जातं, तिने बसवलेला दिवा लागतो. हे गावादेखत होतं. पुढे तीच मुलगी घरी म्हणाली, की मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय, तर ती बोलते आहे ते काय, हे घरच्यांनी आधीच पाहिलेलं असतं.

पुढे २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या एमआयटीतले नील गर्शनफेल्ड यांनी मांडलेली ‘फॅब लॅब’ ही कल्पना पाबळला आली. संगणकावर रेखाटन करायचं आणि तिथल्या तिथे यंत्राने वस्तू घडवायची अशी ही प्रयोगशाळा. एमआयटीबाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांत शिरूर तालुक्यातलं हे गाव होतं.

मुलींना तंत्रज्ञानाकडे वळवण्याच्या कामाबद्दल मला जे सांगायचं आहे ते पाबळमध्येच सापडतं. एका मुलीचं मन वळवून हे काम होत नाही. तिच्या भोवतीच्या माणसांनी तिच्या हातचं काम पाहावं लागतं, वापरावं लागतं. ज्या उपक्रमांनी हे ओळखलं ते रुजले.

घरातला माणूस

आपल्याकडच्या पहिल्या स्त्री इंजिनिअरांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९४३ मध्ये इलेक्ट्रिकलची पदवी घेणाऱ्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा त्यांच्या पदरात काही महिन्यांची मुलगी होती. त्यांचे वडील पप्पू सुब्बाराव याच कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि मुलीला प्रवेश मिळाला. पुढे ललिता भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांच्या कामापर्यंत पोचल्या.

मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ मध्ये सिव्हिल इंजिनिअर झालेल्या शकुंतला भगत यांचं मराठी वाचकांना खरं तर अधिक अगत्य असायला हवं. पूलबांधणीत नाव कमावलेले इंजिनिअर एस. बी. जोशी हे त्यांचे वडील. शकुंतलाबाईंनी पतीबरोबर ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली. कारखान्यात तयार केलेले सुटे भाग जागेवर नेऊन जोडायचे आणि हव्या त्या लांबी-रुंदीचा पूल उभा करायचा, ही त्यांची पद्धत. अवघड डोंगराळ भागात ती फार उपयोगी ठरली. हिमाचल प्रदेशात स्पितीला १९७२ मध्ये त्यांचे पूल उभे राहिले.

विज्ञानातही हेच दिसतं. दुर्गा भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. बाई आहे म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, अटी मान्य करून का होईना पण प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते.

या तिघींची जिद्द वादातीत आहे. पण तिघींच्या घरात त्या विषयातला माणूस होता हेही तितकंच खरं. कुठे अर्ज करायचा, कुणाला भेटायचं, नकार आला तर पुढे काय, हे सांगणारं कुणीतरी ताटावर शेजारी बसत होतं. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराच्या किंवा इचलकरंजीत यंत्रमागावर दोन पाळ्या करणाऱ्या माणसाच्या मुलीच्या घरात असा माणूस नसतो. बुद्धी असते, गुण असतात, आईवडिलांची इच्छाही असते. रस्ता माहीत असलेलं माणूस तेवढं नसतं. समाजात जाऊन काम करणाऱ्या प्रत्येक उपक्रमाने भरून काढायची जागा ती हीच.

ललितांच्या कहाणीतला आणखी एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. हॉस्टेलवर त्या एकट्या पडल्या होत्या. तेव्हा कॉलेजने जाहिरात देऊन आणखी मुलींना बोलावलं. पी. के. थ्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज सिव्हिलला आल्या. थ्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. एका मुलीला सोबत मिळावी म्हणून दिलेल्या जाहिरातीने देशाला एक मुख्य अभियंता मिळाली. मुलींना एकेकटं पाठवू नये, जोडीने आणि गटाने पाठवावं, हा धडा १९४० च्या दशकातच मिळालेला आहे.

नळावरची रांग

धारावीतल्या वस्तीत पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि सामाईक नळावर रांग लागते. रांगेत उभं राहायचं काम बहुधा घरातल्या मुलीकडे. शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ एकमेकांवर आली तर शाळा बुडते. माहितीपट बनवणारे नवनीत रंजन यांनी ‘धारावी डायरी’ हा उपक्रम इथे सुरू केला आणि वस्तीतल्या मुलींच्या हातात संगणक दिले. प्रोग्रॅमिंग शिकण्याआधी या मुलींना एक प्रश्न सोडवायचा होता: आपल्या वस्तीतली कोणती अडचण दूर करायची?

त्यातून जी मोबाईल ॲप तयार झाली त्यांची नावंच बोलकी आहेत. ‘पानी है जीवन’ या ॲपमध्ये पाण्याच्या रांगेत नंबर लावायची आणि आपली पाळी आली की कळवायची सोय होती. ‘विमेन फाइट बॅक’मध्ये संकटात सापडलेल्या बाईला मोठा आवाज करता येई, आपलं ठिकाण कळवता येई आणि जवळच्या माणसांना संदेश धाडता येई. ‘पढाई’ हे शिकण्यासाठी होतं. मुलींनी ही ॲप एमआयटीच्या ‘ॲप इन्व्हेंटर’वर बांधली. त्यात इंग्रजी आज्ञावली टाइप करत बसावं लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ‘बटण दाबलं तर’ या ठोकळ्याच्या पोटात ‘आवाज वाजव’ हा ठोकळा बसवला की काम झालं. तर्क मात्र खऱ्या प्रोग्रॅमिंगचाच. काय झालं तर काय करायचं, नाही झालं तर काय, किती वेळा करायचं, हे सगळं मुलीला स्वतःच ठरवावं लागतं. पाण्याच्या रांगेचं ॲप करताना ‘रांग’ म्हणजे काय, मध्येच कुणी आलं तर काय, पाळी आली आणि माणूस आलंच नाही तर पुढचा नंबर कुणाचा, हा विचार त्यात येतोच. संगणकशास्त्रात रांग हा एक मूलभूत विषय आहे. या मुली तो लहानपणापासून हंडा हातात घेऊन शिकत आल्या होत्या.

मुलींच्या गटांनी समाजातली अडचण निवडावी, तिच्यावर ॲप तयार करावं आणि ते लोकांपुढे मांडावं, हीच रीत ‘टेक्नोव्हेशन’ या जागतिक स्पर्धेचीही आहे. धारावीतल्या मुली तिथेही पोचल्या. या रीतीचा फायदा सरळ आहे. पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ असं आलं तर आईला त्याचं काय? पण पाण्याची पाळी फोनवर कळते म्हटलं की आई थांबून बघते, शेजारीण विचारते.

फोन कुणाचा?

अडचण इथेच सुरू होते, कारण फोन बहुधा मुलीचा नसतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, इंटरनेट कधी ना कधी वापरलं आहे असं सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. ग्रामीण स्त्रियांत हा आकडा २५ टक्क्यांच्याही आत होता. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के आणि पुरुष ६१.५ टक्के. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या तेव्हा एका फोनच्या घरात आधी भावाचा तास आणि मग उरल्या चार्जिंगवर बहिणीचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

गुगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनेट साथी’ उपक्रमाने या अडचणीला बाईकडूनच उत्तर शोधलं. गावातल्याच एका बाईला प्रशिक्षण द्यायचं, सायकल, फोन आणि टॅबलेट द्यायचा आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना तिनेच शिकवायचं. काही वर्षांत ८० हजारांहून अधिक साथी तयार झाल्या आणि सुमारे ३ कोटी बायकांपर्यंत त्या पोचल्या. बाईने बाईला शिकवलं की काय फरक पडतो, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. साथी दुपारच्या वेळी येई, कारण कामातून सवड कधी मिळते ते तिला माहीत असे. ती ओसरीवर बसे, सासूलाही बोलावी. सासूने आपल्या आवाजात विचारून भजन ऐकलं की सुनेच्या हातातला फोन कुणाला खुपत नसे.

महाराष्ट्रात त्याआधीही एक दार उघडलं होतं, आणि त्याची नोंद फारशी घेतली जात नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा कोर्स २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यात त्याची केंद्रं निघाली. दहावीचा शेवटचा पेपर झाला की सुट्टीत एमएस-सीआयटी करायचं, ही निमशहरी महाराष्ट्राची रीतच झाली. मुलीला पुण्याला पाठवायला तयार नसलेलं घर तिला स्टँडजवळच्या क्लासला दोन तास पाठवायला तयार झालं. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं हे कारण पुरेसं होतं. किती तरी मुलींनी माउसला पहिल्यांदा हात लावला तो अशाच केंद्रात, आणि घरापासून दूर एकटीने एसटीचा प्रवासही पहिल्यांदा तिथूनच सुरू झाला.

अंगठा चोरता येत नाही

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड आहे. कायम दुष्काळी भाग. चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये तिथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. तिच्या मागची प्रेरणा एका लोहारकाम करणाऱ्या बाईची. पावसाळ्यात झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला पैसे साठवायचे होते, आणि इतकी छोटी रक्कम घ्यायला कोणतीच बँक तयार नव्हती. पुढे माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी व्यवसायशाळा काढली, आणि बायका शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर ती शाळा बसमध्ये बसवून गावोगाव नेली. शाळा लांब पडते म्हणून मुलींचं शिक्षण सुटू नये यासाठी सायकली दिल्या. गावासाठी रेडिओ सुरू केला.

बँकेत डिजिटल व्यवहार आणायचे ठरले तेव्हाचा प्रसंग चेतनाताईंनी जाहीर भाषणात सांगितलेला आहे. पिन नंबर टाकून पैसे काढायची पद्धत बायकांपुढे ठेवली गेली. बायकांनी ती नको म्हटली. नंबर कुणीही बघेल, घरातलंच माणूस वापरेल आणि कष्टाचे पैसे जातील. त्यापेक्षा अंगठा घ्या, तो कुणाला चोरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरक्षेचा प्रश्न कुठून येतो आणि कुणापासून येतो, हे त्यांना नीट ठाऊक होतं. अंगठा हे इतकी वर्षं निरक्षरतेचं चिन्ह मानलं गेलं. या बायकांनी तोच आपल्या पैशांचं कुलूप केला.

मला हा प्रसंग तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या प्रश्नाचा गाभा वाटतो. आपण मुलींना तंत्रज्ञान ‘द्यायला’ निघतो तेव्हा त्यांच्याकडून तंत्रज्ञानाला काय मिळेल हे विचारायचं राहून जातं. ज्या खोलीत यंत्रं आखली जातात तिथे म्हसवडची बाई नसेल, तर तिच्या घरातला चोर आखणाऱ्याला कसा दिसणार?

याची दुसरी बाजू अंगणवाडी सेविकांनी दाखवली. बालकांची वजनं, उंची, आहाराची नोंद करायला त्यांना सरकारने मोबाईल दिले. २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी ते सरकारला परत केले. ‘बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही’ म्हणायला काहींना निमित्त मिळालं. प्रत्यक्षात त्यांची तक्रार अगदी नेमकी होती. फोनची मेमरी अपुरी होती, फोन तापत, बंद पडत, दुरुस्तीचा भुर्दंड अंगावर पडे, आणि पोषण ट्रॅकर ॲप तेव्हा इंग्रजीत होतं. कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत एवढी स्पष्ट चाचणी करून देणाऱ्या माणसाला पगार मिळतो. ज्या सेविका रोज गावातल्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवतात त्यांच्याकडे यंत्र पोचवताना त्यांची भाषा आणि दुरुस्तीची सोय बरोबर गेली नाही, तर ते यंत्र ओझं होतं. आणि गावातल्या मुली हे बघत असतात.

कॉलेजचं दार

शाळा पार पडली, दहावी-बारावीला उत्तम गुण पडले, आता पुढे? महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींचं स्वतंत्र इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. कमिन्स कॉलेज म्हणून ते प्रसिद्ध आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जे काम सुरू केलं, त्याच संस्थेने पंचाण्णव वर्षांनी इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. मुलींचं कॉलेज, शेजारी मुलींचं हॉस्टेल, म्हटल्यावर मुलीला बाहेरगावी पाठवायला कचरणारी घरं तयार झाली. राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशांत मुलींना ३० टक्के आरक्षण आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं.

देशातलं चित्र मात्र अजून असमान आहे. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत शिकणाऱ्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांत २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. इंजिनिअरिंगला मात्र दहांत जेमतेम तीन. बी.एस्सी. गावाजवळच्या कॉलेजात होतं. इंजिनिअरिंगला शहर लागतं, हॉस्टेल लागतं, फी लागते आणि त्याआधी प्रवेशपरीक्षेचा क्लास लागतो. मुलाच्या क्लाससाठी शेत गहाण टाकणारं घर मुलीच्या क्लासला मागेपुढे पाहतं. आयआयटींमध्ये मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास अडकलं होतं. २०१८ पासून मुलांच्या जागा कमी न करता मुलींसाठी जादा जागा वाढवल्या गेल्या आणि २०२० पर्यंत २० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. दार रुंद केल्यावर मुली आल्या. त्या गुणवत्तेत कुठे होत्या, हा प्रश्न सोडवायला वेगळी परीक्षा घ्यावी लागली नाही. प्रवेशपरीक्षा त्यांनीही दिलेलीच होती.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगाचा आहे. १९४५-४६ मध्ये फिलाडेल्फियात ‘एनियाक’ हा संगणक चालवण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सहा जणी होत्या. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यात तिथल्या संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया ३७ टक्क्यांपर्यंत होत्या. नंतर ते प्रमाण घसरत घसरत १८ टक्क्यांवर आलं. घरगुती संगणक त्या काळात मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला आणि कॉलेजात पहिल्याच दिवशी मुलगे पुढे, मुली मागे अशी स्थिती झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठाने यावर उपाय केला. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी मुलींशी सविस्तर बोलून अडचणी समजून घेतल्या. प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंगच्या पूर्वानुभवाचं वजन कमी केलं, पहिल्या वर्षी अनुभवानुसार वेगवेगळे वर्ग केले आणि देशभरातल्या शाळाशिक्षकांना उन्हाळ्यात बोलावून शिकवलं. १९९५ मध्ये तिथे प्रवेश घेणाऱ्यांत ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. पाच वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नव्हती. कॉलेजने आपली रीत बदलली होती, आणि शाळेतल्या शिक्षकांना कामाला लावलं होतं.

आपल्याकडे परिस्थिती एका बाबतीत चांगली आहे. संगणक ही ‘मुलांची’ शाखा आहे असं मराठी घरात कुणी मानत नाही. बसून करायचं काम, बरा पगार, सुरक्षित ऑफिस म्हणून आईवडील मुलीला कॉम्प्युटर घ्यायलाच सांगतात. मेकॅनिकल, सिव्हिल, ऑटोमोबाईल म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या पडतात. पाबळच्या वेल्डिंगची खरी गरज इथे आहे.

बस सुटते त्या वेळेला

नोकरी लागल्यावरही वाट सरळ नसते. देशाच्या आयटी उद्योगात काम करणाऱ्या सुमारे ५४ लाख माणसांत ३६ टक्के स्त्रिया असल्याचं ‘नॅसकॉम’ने २०२३ मध्ये सांगितलं होतं. प्रवेशाच्या पायरीवर त्या पुष्कळ आहेत, वरच्या पायऱ्यांवर विरळ होत जातात. लग्न, नवऱ्याची बदली, बाळंतपण, सासरच्यांचं आजारपण या प्रत्येक वळणावर काही जणी गळतात. २०१७ च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झालं. पाळणाघराचं दार ऑफिसच्या वेळेत उघडं आहे का, हे विचारणं प्रत्येक कर्मचाऱ्याचं काम आहे, आईचं एकटीचं नाही.

शाळकरी मुलीच्या बाबतीत अडचण याहून साधी असते. मानव विकास मिशनमधल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या एसटी बस धावतात. त्या बसने किती तरी मुलींची शाळा वाचवली आहे. शाळा सुटल्यावर घेतलेला संगणकाचा जादा वर्ग त्या मुलींच्या कामाचा नसतो, कारण बस तोवर निघून जाते. वर्ग शाळेच्या वेळेतच व्हायला हवा किंवा सकाळी बस आल्यावर. उपक्रम आखणाऱ्याने आधी एसटीचं वेळापत्रक पाहावं, मग आपलं करावं. स्वच्छतागृह, प्रकाश, पिण्याचं पाणी यांचंही तेच.

अगदी अलीकडचं उदाहरण शेतातलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत, आणि बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. या योजनेपुढे बॅटरी, वाहतूक, दुरुस्ती, पुरेसं काम मिळणं असे प्रश्न आहेत आणि ते सोडवावेच लागतील. पण बांधावर उभ्या राहिलेल्या माणसांसमोर गावची सून रिमोट हातात घेऊन कपाशीवर ड्रोन फिरवते, तेव्हा शेजारच्या शाळेतल्या मुलींपुढे उत्तम व्याख्यान झालेलं असतं.

हे वाचणाऱ्या घरांपैकी किती तरी घरांत आयटीतली मुलं-मुली आहेत, कुणी हिंजवडीला, कुणी न्यू जर्सीला. आपल्या जुन्या शाळेसाठी काहीतरी करावं असं त्यांना वाटतं, आणि बहुतेकदा एक दिवसाचं शिबिर, टी-शर्ट आणि फोटो यांवर ते वाटणं संपतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकच शाळा घ्या आणि किमान तीन वर्षं सोडू नका. मुलांना शिकवण्याआधी तिथल्या शिक्षिकेला शिकवा, कारण तुम्ही परत जाणार आणि ती तिथेच राहणार. मराठीत शिकवा. गावात सोडवायला हवा असलेला एखादा प्रश्न मुलींनाच निवडू द्या, मग तो टँकरच्या वेळेचा असो की दूधसंस्थेच्या हिशेबाचा, आणि त्यांनी केलेलं काम ग्रामसभेत मांडायला लावा. त्या दिवशी आयांना पहिल्या रांगेत बसवा. दहावीनंतर दोघी-तिघींना एकत्र पुढे पाठवा, एकटीला पाठवू नका. प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्ती, हॉस्टेल, पहिल्या नोकरीची मुलाखत या प्रत्येक वेळी फोन उचलणारं माणूस तुम्ही व्हा. आणि शहरात तुमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर नोकरी करणाऱ्या मुलींना तो बिनदिक्कत द्या. पुण्यात आलेली मुलगी घर मिळेना म्हणून परत गेली, तर बाकीचं सगळं केलेलं वाया जातं.

या कामाला फार पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि आपण ज्या वाटेने आलो ती दुसऱ्याच्या मुलीला दाखवायची तयारी. ललितांना वडील होते, शकुंतलाबाईंना वडील होते. ज्या मुलींच्या घरात असं कुणी नाही, त्यांच्यासाठी ते माणूस आपण व्हायचं आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिकेला भेटा आणि सातवी-आठवीच्या मुलींना सोमवारी सकाळी कधी वेळ असतो, ते विचारून घ्या.